तीन चाकांची बाबागाडी : आधी रस्ता विचारा, मग भाव सांगा

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) बाजारात तीन चाकांची बाबागाडी आता नवलाची राहिलेली नाही. लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात ती काचेपाशी, सर्वांत पुढे उभी असते. पुढे एक चाक, मागे दोन मोठी चाके, वर कापडी टप आणि पाठीमागे ढकलायला दांडा. दिसायला ऐटबाज आणि किमतीला चार छोट्या चाकांच्या साध्या गाडीपेक्षा भारी. गिऱ्हाईक येते, रंग विचारते, भाव विचारते, घडी होते का ते बघते आणि पैसे मोजते. ही गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. मग पुष्कळ घरांत असे होते की तीन-चार महिन्यांत गाडी जिन्याखाली जाऊन पडते आणि मूल पुन्हा अम्मीच्या कडेवर येते.

आमच्या मते यात दोष गाडीचा नाही आणि गिऱ्हाइकाचाही नाही. दोष विक्रीच्या पद्धतीचा आहे. तीन चाकांची गाडी चांगली की चार चाकांची, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रस्त्यासाठी, किती वयाच्या मुलासाठी आणि कोणत्या घरासाठी, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आमचा धंदा कापडाचा आहे, बाबागाडीचा नाही. पण आम्ही तागा उलगडण्याआधी विचारतो की कापड सदऱ्याला हवे की पायजम्याला, रोजच्या वापराला की लग्नाला. रोज भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या कारागिराला आम्ही पॉलिस्टर दाखवत नाही. कापडाच्या बाबतीत जी रीत आपण पाळतो, ती ज्या वस्तूत मूल बसवायचे आहे तिच्या बाबतीत तर जास्तच पाळली पाहिजे.

तीन चाके आपल्याला नवी नाहीत

तीन चाकांची गाडी विलायतेतून आली असा पुष्कळांचा समज आहे. आपल्याकडे पांगुळगाडा पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुताराने केलेला, तीन लाकडी चाकांचा, मूल उभे राहून दांड्याला धरते आणि ढकलत चालायला शिकते. तो घराच्या सपाट फरशीसाठी किंवा सारवलेल्या अंगणासाठी केलेला असतो. तो घेऊन कुणी सिटी चौकात जात नाही, कारण तो कोणत्या जमिनीसाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते.

आणि आपले शहर तर तीन चाकांवरच चालते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि तेथे तीनचाकी वाहने तयार होतात. तीन चाकांची गाडी वळणावर कशी वागते, हे या शहरातील कोणत्याही रिक्षावाल्याला विचारावे. तो जे सांगेल ते बाबागाडीलाही लागू पडते.

परदेशातील गाड्यांची हकिकत बघितली तरी हेच दिसते. ओवेन मॅक्लॅरेन नावाच्या इंग्रज विमान-अभियंत्याने १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली. त्याची मुलगी नातीला घेऊन परदेशातून इंग्लंडला येत असे आणि जड गाडी प्रवासात उचलणे तिला जिकिरीचे होते. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि छोटी चाके. ती गाडी विमानतळ, रेल्वेचा फलाट आणि गुळगुळीत फुटपाथ यांसाठी होती. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फिल बेक्लर या गृहस्थाला आपल्या मुलाला सोबत घेऊन पळायचे होते. साध्या गाडीची छोटी चाके पळताना अडकत आणि डुगडुगत. त्याने सायकलची चाके लावून तीन चाकांची गाडी केली. आज बाजारात दिसणाऱ्या मोठ्या तीन चाकांच्या गाड्यांची सुरुवात तेथून आहे.

म्हणजे दोन्ही गाड्या दोन वेगळ्या गरजांतून निघाल्या. एक उचलायला सोपी, दुसरी खडबडीत रस्त्यावर ढकलायला सोपी. आपल्या दुकानात त्या एकाच फळीवर येतात आणि रंगावर विकल्या जातात.

तिपाईचा हिशेब

चार पायांचे टेबल उंचसखल फरशीवर डुगडुगते, तिपाई डुगडुगत नाही. तीन पाय कोणत्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात, चार पायांपैकी एखादा अधांतरी राहू शकतो. तीन चाकांच्या गाडीचा पहिला फायदा हाच. खडबडीत रस्त्यावर तिची तिन्ही चाके जमिनीला धरून राहतात. दुसरा फायदा असा की पुढे एकच चाक असल्यामुळे गाडी थोड्या जागेत वळते आणि खड्डा चुकवताना दोन चाकांचा नव्हे, एकाच चाकाचा रस्ता शोधावा लागतो.

पण तिपाईच्या कोपऱ्यावर भार दिला तर ती चटकन कलंडते, हेही आपण पाहतो. चार चाकांचा पाया चौकोनी असतो, तीन चाकांचा त्रिकोणी. या त्रिकोणाचे पुढचे टोक अरुंद. जोरात वळण घेतले, किंवा रस्त्याच्या एका कडेला उतार असला, की चार चाकांच्या मानाने ही गाडी लवकर कलते. म्हणून मुलाचे वजन खाली आणि मागच्या चाकांच्या जवळ असावे लागते. बैठक जितकी उंच, तितका धोका जास्त. ज्या गाडीची बैठक शोभेसाठी उंच केली आहे आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी आहे, ती तीन चाकांत घेऊच नये.

आणखी एक सवय आपल्या बाजारात सर्रास दिसते. दांड्याला भाजीची पिशवी, मिठाईचा डबा, कापडाची थैली लटकवायची. मूल गाडीत असेपर्यंत काही होत नाही. मूल उचलले की सगळा भार मागे येतो आणि गाडी उताणी पडते. कधी मूल हलके असले तर त्याच्यासकट पडते. सामान ठेवायचे तर बैठकीखालच्या जाळीत, दांड्याला नाही. हे सांगायला दुकानदाराला अर्धे मिनिट लागते.

चाक बघा, चाकांची संख्या नंतर मोजा

आमचे ठाम मत आहे की चाके किती, यापेक्षा चाक कसे हे महत्त्वाचे. शहागंजमध्ये फळे विकणाऱ्याच्या हातगाडीला मोठी चाके का असतात? बैलगाडीचे आणि टांग्याचे चाक का मोठे होते? कारण ज्या खड्ड्यात छोटे चाक उतरून बसते, त्यावरून मोठे चाक निघून जाते. हे ज्ञान आपल्या लोहार-सुतारांना शेकडो वर्षांपासून आहे.

आता बाजारात काही स्वस्त गाड्या अशा आल्या आहेत की चाके तीन, पण ती चारचाकीइतकीच छोटी आणि कडक प्लास्टिकची. रूप तीनचाकीचे, पण गुण एकही नाही. खडबडीत रस्त्यावर छोटे चाक अडकणार, आणि वळणावर त्रिकोणी पाया कलणार. दोन्हीकडचे तोटे एकत्र. अशी गाडी आम्ही फुकटही घरात आणू देणार नाही. तिच्यापेक्षा साधी, हलकी, चार चाकांची गाडी बरी.

टायर तीन प्रकारचे मिळतात. पहिला हवेचा. तो धक्के शोषून घेतो, मुलाची मान आणि पाठ हिसके खात नाही. तोटा पंक्चरचा. मराठवाड्यात बाभळीचा काटा कुठे नाही? दुसरा भरीव फोमचा. पंक्चर नाही, वजनाला हलका, पण हवेच्या टायरइतका मऊ नाही आणि झिजला की चाकच बदलावे लागते. तिसरा कडक प्लास्टिकचा. तो फक्त घरातल्या फरशीसाठी समजावा.

हवेचे टायर घेणाऱ्याने दोन गोष्टी दुकानातच बघाव्यात. टायरच्या बाजूवर त्याचे माप छापलेले असते. मागच्या चाकांचे माप मुलांच्या बारा किंवा सोळा इंची सायकलीशी जुळत असेल तर ट्यूब आपल्या सायकलच्या दुकानात मिळू शकते. नसेल तर एका ट्यूबसाठी गाडी महिनोन्‌महिने उभी राहील. दुसरे म्हणजे व्हॉल्व्ह. आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो आणि पुष्कळ परदेशी गाड्यांना स्कूटर-मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो. घरात सायकलचा पंप असला तरी तो बसेलच असे नाही. ही बाब छोटी आहे, पण गाडी जिन्याखाली जाण्याचे कारण बहुधा अशीच एखादी छोटी बाब असते.

पुढचे चाक हा तीनचाकीचा जीव आहे. ते दोन तऱ्हेचे असते. एक मोकळे फिरणारे, जे गल्लीत आणि गर्दीत सोयीचे. दुसरे सरळ जखडलेले, जे खडबडीत रस्त्यावर आणि भरभर चालताना सोयीचे, कारण मोकळे चाक खड्ड्यावर आपटले की आडवे होते आणि गाडी जागीच थांबते. चांगल्या गाडीत खटका असतो. तो दाबला की चाक सरळ जखडते, सोडला की मोकळे होते. आपल्या शहरात एकाच फेरीत डांबर, फरशी, खडी आणि गल्ली असे सगळे लागते. म्हणून ज्या तीनचाकीला हा खटका नाही ती घेऊ नये.

आपल्या चार तऱ्हेचे रस्ते

पहिला रस्ता जुन्या शहराचा. सिटी चौक, सराफा, गुलमंडी, रंगारगल्ली, शहागंज. येथे अडचण खड्ड्यापेक्षा रुंदीची आणि गर्दीची आहे. मोटारसायकली लागलेल्या, हातगाड्या उभ्या, ईदच्या दिवसांत तर पाऊल ठेवायला जागा नसते. मोठ्या तीनचाकीची मागची रुंदी दोन फुटांच्या आसपास असते. ती अशा गर्दीत दुसऱ्यांच्या घोट्यांना लागते आणि मुलाचे तोंड नेमके मोटारसायकलच्या धुरासमोर येते. शिवाय जुन्या घरांचे दरवाजे दोन फळ्यांचे, त्यातली एकच फळी उघडी, आणि खाली उंबरा. या वस्तीत राहणाऱ्याने गाडी बघण्याआधी मापाची फीत घेऊन दरवाजा आणि जिना मोजावा. मोठी चाके असलेली तीनचाकी दहा किलोपेक्षा जास्त भरू शकते. दुसऱ्या मजल्यावर राहणारी सून एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात एवढे वजन घेऊन रोज चढणार आहे का? नसेल तर तिला छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी द्यावी, किंवा गाडी देऊच नये. गर्दीच्या बाजारात कडेवर बसलेले मूल जास्त सुखरूप असते, हे सांगण्यात दुकानदाराने कमीपणा मानू नये.

दुसरा रस्ता नव्या वसाहतींचा. सिडको, हडको, उस्मानपुरा, जालना रोडच्या आजूबाजूचा भाग. येथे रुंदी आहे, पण फुटपाथ सलग नाही. कड उंच, मध्येच झाड, मध्येच विजेचा खांब, जागोजागी गतिरोधक. येथे मोठ्या चाकांची तीनचाकी खरी उपयोगी पडते. दांडा खाली दाबला की पुढचे एकच चाक वर उचलले जाते आणि गाडी कडेवर चढते. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना आणि बागेत नेणाऱ्यांना ती घेण्यात अर्थ आहे. मात्र नाल्यावरच्या लोखंडी जाळ्यांपासून सांभाळावे. पुढचे एकच चाक जाळीच्या फटीत गेले तर गाडी एकदम थांबते आणि मूल पुढे फेकले जाते. जाळी आडवी ओलांडावी आणि मुलाचा पट्टा नेहमी बांधलेला असावा.

तिसरा रस्ता दगडाचा आणि चढणीचा. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना मकबरा, दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळला नेतो. मकबऱ्याच्या बागेतील सरळ वाटांवर कोणतीही बरी गाडी चालते, पण चौथऱ्यावर जायला पायऱ्या आहेत. दौलताबादला किल्ल्याच्या खालच्या भागात चांद मिनारापर्यंत मोठ्या चाकांची गाडी न्यावी, पुढे पायऱ्या आणि अंधारी वाट आहे, तेथे गाडीचे काम नाही. वेरूळला चौतीस लेणी डोंगराच्या कडेने लांबवर पसरलेली आहेत. मधल्या रस्त्यावर गाडी चालते, लेण्यांत शिरताना दगडी पायऱ्या आणि उंचसखल खडक लागतो. खुलताबादला रस्त्याला चढ-उतार आहे. अशा ठिकाणी चाकांपेक्षा ब्रेक महत्त्वाचा. उभी करण्याचा ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. दांड्याजवळ मनगटात अडकवण्याचा पट्टा असेल तर उतारावर तो अडकवावाच. उतारावर गाडी उभी करायची वेळ आली तर ब्रेक लावूनही हात सोडू नये.

चौथा रस्ता गावाकडचा. आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक पैठण, फुलंब्री, कन्नड, सिल्लोडकडे आहेत. उन्हाळ्यात मुरमाच्या वाटेवर हवेच्या टायरची मोठी तीनचाकी, पुढचे चाक जखडून, चांगली चालते. पावसाळ्यात काळ्या मातीपुढे कोणाचे चालत नाही. चिखल चाक आणि चिमटा यांच्या मध्ये भरतो आणि चाक फिरायचे थांबते. ज्या गाडीत टायर आणि चिमटा यांच्यात बोट जाईल एवढीही जागा नाही, ती काळ्या मातीत दहा पावलेही जाणार नाही. तेवढाच मऊ पट्टा ओलांडायचा असेल तर गाडी उलटी फिरवून ओढावी. मागची मोठी चाके पुढे होतात आणि छोटे चाक रुतत नाही.

कापड, पट्टे आणि ऊन

आता आमच्या विषयाकडे येतो. बैठकीचे कापड बहुतेक वेळा जाड पॉलिस्टर असते. ते टिकाऊ आहे, पण घाम शोषत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो. काळे किंवा गडद निळे कापड मळत नाही म्हणून लोक घेतात, पण उन्हात ते जास्त तापते. फिका रंग घ्यावा आणि वर धुता येईल असा पातळ सुती तुकडा टाकावा. जाड गादी टाकू नये. तिने पट्टे सैल बसतात आणि मूल घसरते.

पट्टा पाच ठिकाणी बांधणारा असावा. दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. पट्टा जेथे कापडाला शिवला आहे तेथे नख लावून बघावे. चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असेल तर शिवण भरवशाची. एकच सरळ टीप असेल तर ती आधी उसवणार.

आणखी एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. धूळ आणि ऊन लागू नये म्हणून आपल्या बायका गाडीवर ओढणी किंवा चादर टाकतात. हेतू चांगला, पण त्याने आतली हवा कोंडते आणि उष्णता वाढते. पातळ मलमल असली तरी वारा अडतोच. मुलाला ताप चढल्यासारखा उकाडा होतो आणि बाहेरून कळत नाही. सावली टपाने करावी, डासांसाठी मोकळी जाळी लावावी, आणि भर दुपारी मुलाला बाहेर नेऊच नये.

वयाचीही मर्यादा आहे. ज्या मुलाची मान धरलेली नाही त्याला सरळ बसवण्याच्या गाडीत ठेवू नये, त्याला पूर्ण आडवी होणारी बैठक लागते. गाडी ढकलत पळायचे असेल तर मूल निदान सहा महिन्यांचे होईपर्यंत थांबावे आणि त्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. गाडी तीन चाकांची आहे म्हणून ती पळण्यासाठीच आहे असेही समजू नये. पळण्याची गाडी असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले असते.

विकणाऱ्याची जबाबदारी

काही व्यापारी बांधव म्हणतील की एवढे सगळे सांगत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. त्यांना आमचे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक धंद्याचे, एक कायद्याचे.

कायद्याचे आधी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात उत्पादनामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी प्रथमच स्वतंत्र प्रकरणात मांडली आहे. ही जबाबदारी फक्त कारखानदाराची नाही. विकणाऱ्याने मालात स्वतः फेरफार केला, कंपनीने न दिलेली हमी तोंडाने दिली, माल जोडताना किंवा तपासताना पुरेशी काळजी घेतली नाही, किंवा धोक्याबाबतच्या कंपनीच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवल्या नाहीत, आणि त्यातून इजा झाली, तर तोही जबाबदार ठरू शकतो. कारखानदार कोण हेच कळत नसेल तरीही बोट विक्रेत्याकडे येते. आपण खोक्यातून सुटे भाग काढतो, दुकानातल्या पोराकडून चाके बसवून घेतो आणि पुस्तिका खोक्याबरोबर फेकून देतो. ही सवय महागात पडू शकते. ज्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, तो माल कितीही स्वस्त मिळाला तरी उचलू नये.

हे नुसते कागदावरचे भय नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने ब्रिटॅक्स या मोठ्या कंपनीवर तिच्या तीनचाकी ‘बॉब’ गाड्यांबाबत दावा केला. पुढचे चाक चटकन काढता-घालता येण्याची सोय होती. ते नीट कसले गेले नाही तर चालताना निखळत असे, आणि त्यात मुलांना व मोठ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी होत्या. कंपनीने गाडीत दोष असल्याचे मानले नाही, पण त्याच वर्षाअखेर तडजोड झाली आणि चाक कसे कसावे हे लोकांना समजावण्याची मोहीम कंपनीला घ्यावी लागली. त्याआधी २००९ मध्ये मॅक्लॅरेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवरची झाकणे देऊ केली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे बिजागरीत सापडून तुटल्याचे प्रकार झाले होते. एवढ्या नामांकित कंपन्यांच्या मालाबाबत हे होते, तर बिननावाच्या खोक्यातून निघालेल्या गाडीचे चाक विकण्याआधी ओढून आणि हलवून बघणे हे आपले कामच आहे.

आता धंद्याचे. कापडाच्या धंद्यात आम्ही इतकी वर्षे काढली. आम्ही हेच पाहिले की ज्या गिऱ्हाइकाला आम्ही स्वतःहून म्हटले, ‘हा माल तुमच्या कामाचा नाही’, ते गिऱ्हाईक त्या दिवशी रिकाम्या हाताने गेले असेल, पण पुढच्या लग्नाची खरेदी आमच्याकडेच झाली. मालाचा ऐब सांगून विकलेल्या मालात बरकत असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी उगीच सांगितलेले नाही. बाबागाडी घेणारे जोडपे पुढे पाच-सात वर्षे मुलांच्या सामानाचे गिऱ्हाईक असते. एका गाडीच्या नफ्यासाठी ते घालवणे हा तोट्याचा हिशेब आहे.

कारागिरांसाठी काम

या धंद्यात आमच्या कारागीर बांधवांनाही जागा आहे. गाडीचा सांगाडा पुष्कळ वर्षे टिकतो, टप, बैठक, जाळी आणि पट्टे आधी जातात. कंपनीकडे सुटे भाग मागवले तर ते मिळायला वेळ लागतो. रिक्षाची गादी आणि टप शिवणारे उस्ताद आपल्या शहरात आहेत. बाबागाडीचा टप शिवणे त्यांना अवघड नाही. सुती अस्तर, पावसाळी आच्छादन, डासांची जाळी ही कामे घरी मशीन चालवणाऱ्या भगिनीही करू शकतात. सायकल दुरुस्त करणाऱ्याने बारा इंची ट्यूब, योग्य व्हॉल्व्हचा पंप आणि बेअरिंगचे ग्रीस ठेवले तर पंक्चर आणि चाकाची बहुतेक कामे गल्लीतच होतील.

मात्र एक मर्यादा पाळावी. मुलाला धरून ठेवणारा पट्टा, बक्कल, बिजागरी आणि ब्रेक यांत आपल्या अंदाजाने बदल करू नये. ते भाग कंपनीचेच लावावेत. टप फाटला तर ऊन लागेल, पट्टा तुटला तर मूल पडेल. जोडाईवाल्याने मोडलेला सांगाडा जोडून दिला तरी त्या गाडीत मूल बसवू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ नळीचा जोड पहिल्यासारखा मजबूत होईल याचा भरवसा नसतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हेच बघावे. गाडीचे मूल मोठे झाले की ती नात्यात फिरते, आणि ते चांगलेच आहे. देण्याआधी चाके ओढून बघावीत, ब्रेक लावून ढकलून बघावे, सर्व बक्कल लावून सोडून बघावीत आणि घडीचा खटका पक्का बसतो की नाही हे तपासावे. यातले एकही बिघडलेले असेल तर ती गाडी गरिबाला दान म्हणूनही देऊ नये.

आमची सूचना

आमची सूचना साधी आहे. लहान मुलांच्या सामानाच्या प्रत्येक दुकानदाराने पाच प्रश्न मराठीत आणि उर्दूत लिहून गल्ल्याजवळ लावावेत. गाडी रोज कुठल्या रस्त्यावर चालणार? घराचा दरवाजा किती रुंद आणि घर कितव्या मजल्यावर? मुलाचे वय किती, मान धरली आहे का? गाडी बहुतेक वेळ कोण ढकलणार, आणि तिला ती उचलता येईल का? पंक्चर झाले तर ट्यूब कुठे मिळणार?

पाचही उत्तरे मिळाली की गाडी आपोआप ठरते. जुन्या शहरातल्या वरच्या मजल्यासाठी हलकी, मिटणारी गाडी. सिडकोच्या तळमजल्यासाठी मोठ्या चाकांची, पुढचे चाक जखडता येणारी तीनचाकी. गावाकडे नेहमी जाणाऱ्यासाठी हवेच्या टायरची आणि सोबत पंप. आणि ज्याला कोणतीच लागत नाही त्याला कोणतीच नको.

दुकानदाराने रुमाल टाकून गाडी पुसण्याऐवजी ती दुकानाबाहेर रस्त्यावर काढावी, आत दहा किलो तांदळाची पिशवी ठेवावी, आणि गिऱ्हाइकाला खड्ड्यावरून, कडेवरून आणि वळणावरून स्वतः ढकलून बघायला सांगावे. आपल्या दुकानांसमोरचे रस्ते कसे आहेत हे आपण जाणतोच. तेथे जी गाडी चालली ती शहरात बहुतेक ठिकाणी चालेल.